निरोप रेणूत नसतो: पेशींचा रासायनिक संवाद आणि तो मोजताना होणाऱ्या चुका

प्रश्न असा: ॲड्रेनॅलिन हृदयाचे ठोके वाढवतं, श्वासनलिकांचे स्नायू मात्र सैल करतं आणि यकृताला साखर बाहेर टाकायला लावतं. रेणू तोच, मग प्रत्येक पेशीला वेगळा निरोप कसा मिळतो? आणि पेशीला निरोप पोचला की नाही, हे प्रयोगशाळेत खात्रीने कसं ओळखायचं?

पहिल्या भागाचं उत्तर थोडक्यात सांगायचं तर, निरोप रेणूत नसतोच. रेणू येतो, रिसेप्टरवर (पेशीच्या, तो रेणू ओळखणाऱ्या प्रथिनावर) बसतो आणि सुटून जातो. त्याचा अर्थ काय लावायचा हे घेणारी पेशी ठरवते, आणि तेही एका ठिकाणी नाही, तीन-चार टप्प्यांवर. कुलूप-किल्लीची नेहमीची उपमा म्हणूनच अर्धवट आहे. किल्ली कोणत्या कुलपात बसते एवढंच तिच्यातून कळतं. दार उघडल्यावर आत कोठार आहे की गोठा, याचा किल्लीला पत्ता नसतो.

ॲड्रेनॅलिनचंच उदाहरण टोकापर्यंत नेऊन बघू. हृदयाच्या स्नायुपेशीवर प्रामुख्याने बीटा-१ रिसेप्टर असतात. ॲड्रेनॅलिन बसलं की रिसेप्टर आतल्या बाजूच्या जीएस नावाच्या जी-प्रथिनाला जागं करतो, ते ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चालना देतं, एटीपीपासून सायक्लिक एएमपी तयार होतो आणि तो प्रोटीन कायनेज-ए ला मोकळं करतो. हे कायनेज कॅल्शियमच्या वाहिन्यांवर फॉस्फेट चिकटवतं, दर ठोक्याला जास्त कॅल्शियम आत येतं आणि आकुंचन जोरकस होतं. ठोक्यांची लय ठरवणाऱ्या पेशींत सायक्लिक एएमपी आयनवाहिन्यांना स्वतःच जाऊन चिकटतो आणि गती वाढते.

आता श्वासनलिका. तिथे बीटा-२ रिसेप्टर आहेत, पण पुढची साखळी अक्षरशः तीच: जीएस, सायक्लेज, सायक्लिक एएमपी, कायनेज-ए. फरक पडतो तो शेवटच्या पायरीला. मऊ स्नायूच्या पेशीत हे कायनेज मायोसिन लाइट चेन कायनेजवर फॉस्फेट लावून त्याची कॅल्शियमबद्दलची संवेदना कमी करतं, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडायला मदत करतं, आणि स्नायू सैल पडतो. म्हणजे एकाच दुय्यम संदेशवाहकाने (निरोप पेशीच्या आत पुढे नेणाऱ्या सायक्लिक एएमपीने) एका स्नायूला आवळायला लावलं आणि दुसऱ्याला सोडायला. ‘रिसेप्टर वेगळे म्हणून परिणाम वेगळा’ एवढंच उत्तर देऊन थांबणारे इथे चकतात, कारण या दोन पेशींत रिसेप्टरनंतरची चार पावलं सारखीच आहेत.

यकृतात कायनेज-ए फॉस्फोरिलेज कायनेजला आणि ते ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजला जागं करतं, ग्लायकोजेन तुटतं. ही साखळी कंकालस्नायूतही आहे. पण यकृताकडे ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम आहे, ते फॉस्फेट काढून टाकतं आणि मोकळं झालेलं ग्लुकोज रक्तात जातं. स्नायूकडे ते एन्झाइम नाही, म्हणून स्नायूची साखर स्नायूतच जळते. एक देणारा, एक स्वतःपुरतं बघणारा, आणि दोघांतला फरक एका एन्झाइमचा. त्वचेतल्या रक्तवाहिन्यांत तर जी-प्रथिनच बदलतं: अल्फा-१ रिसेप्टर, जीक्यू, फॉस्फोलायपेज-सी, त्यातून आयपी-३, पेशीच्या आतल्या कोठारातून सुटलेलं कॅल्शियम, आणि आकुंचन.

ॲसिटिलकोलीनची गोष्टही अशीच. कंकालस्नायूवर ते थेट आयनवाहिनीच उघडतं आणि स्नायू आकुंचन पावतो. हृदयाच्या लय ठरवणाऱ्या पेशींत एम-२ रिसेप्टरमार्फत पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून ठोके मंद करतं. ऑटो ल्योवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर हेच दाखवलं होतं. पहिल्या हृदयाच्या व्हेगस चेतेला उत्तेजन दिलं, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. चेतापेशी रसायनातून बोलतात याचा तो पहिला ठाम पुरावा.

रक्तवाहिन्यांच्या बाबतीत मात्र ॲसिटिलकोलीनने बरीच वर्षं गोंधळ घातला होता. जिवंत प्राण्यात ते वाहिन्या रुंद करायचं, पण काढून घेतलेल्या महारोहिणीच्या पट्टीवर बऱ्याचदा आकुंचन दिसायचं. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महारोहिणीवर काम करून कारण दाखवलं: पट्टी कापताना आतला एकपेशीय थर घासून निघत होता. ॲसिटिलकोलीन त्या आतल्या थराला भेटतं, तिथे कॅल्शियम वाढतं, नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, ते शेजारच्या स्नायुपेशीत झिरपून सायक्लिक जीएमपी वाढवतं आणि स्नायू सैल होतो. थर गेला की निरोप वाचणारी पेशीच गेली. पेशी-संवादावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण ध्यानात ठेवावं. रेणू बरोबर, मात्रा बरोबर, ऊतकही बरोबर. तरी उत्तर उलटं आलं, कारण मधला वाचक नकळत पुसला गेला होता.

निरोप किती लांब जाणार हेही रेणूच्या मर्जीवर नसतं. ते विसरणाच्या (रेणू आपोआप पसरत जाण्याच्या) गणितावर आणि रेणूला मोडणाऱ्या एन्झाइमांवर ठरतं. लहान रेणू पाण्यात विसरत जायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ५०० वर्ग मायक्रोमीटर धरला तर २० मायक्रोमीटर, म्हणजे एका पेशीचं अंतर, सेकंदाच्या आठव्या भागात पार होतं. १ मिलिमीटरला साडेपाच मिनिटं लागतात आणि १ सेंटिमीटरला नऊ तासांहून जास्त. चेतापेशींमधली फट साधारण २० नॅनोमीटरची असते. तिथे हा वेळ नगण्यच. यावरून पेशींच्या बोलण्याच्या तऱ्हा आपोआप उलगडतात. शेजाऱ्याशी बोलायचं तर नुसतं झिरपणं पुरतं. दूरच्या अवयवाशी बोलायचं तर रेणू रक्तात सोडावा लागतो. आणि दूर पण झटपट बोलायचं असेल तर पेशीलाच लांब तंतू काढून अगदी जवळ जाऊन पोचावं लागतं. चेतापेशीचा अक्षतंतू म्हणजे या अडचणीवरचा तोडगा.

मात्राही त्यानुसार ठरते. फटीत चेतासंदेशकाचं प्रमाण क्षणभर मिलिमोलरच्या घरात जातं, म्हणून तिथले रिसेप्टर सैल पकडीचे असले तरी चालतात, किंबहुना तसेच लागतात, कारण त्यांनी लगेच सोडायलाही हवं. रक्तातली संप्रेरकं नॅनोमोलर किंवा त्याहून कमी असतात, म्हणून त्यांच्या रिसेप्टरांची पकड घट्ट. काही निरोप तर सोडलेच जात नाहीत: नॉच रिसेप्टरला जागं करणारं डेल्टा प्रथिन शेजारच्या पेशीच्या पटलातच रोवलेलं असतं, दोन पेशी एकमेकींना चिकटल्याखेरीज बोलणं होत नाही. आणि कनेक्झिन प्रथिनांच्या जोडनळ्यांतून साधारण १००० डाल्टनपर्यंतचे रेणू थेट एका पेशीद्रवातून दुसऱ्यात जातात.

मेदात विरघळणारे संदेशवाहक, म्हणजे कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, थायरॉइड संप्रेरक यांचा मार्ग सरळ आहे. ते पेशीच्या आतल्या रिसेप्टरला भेटतात आणि तो रिसेप्टर जनुकांवर जाऊन बसतो. प्रथिनं नव्याने बनायची असल्यामुळे परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून काही तास लागतात.

पटलावरच्या रिसेप्टरचा निरोप आत कसा जातो, याचा उलगडा अर्ल सदरलँड यांच्या यकृतावरच्या प्रयोगांतून झाला. यकृत कुटून केलेल्या मिश्रणात ॲड्रेनॅलिन काम करत होतं. त्यातले पटलाचे तुकडे गाळून काढले की करत नव्हतं. मग त्यांनी ॲड्रेनॅलिन फक्त त्या तुकड्यांना दिलं, मिश्रण उकळलं, आणि उकळूनही टिकलेला पदार्थ उरलेल्या द्रवात घातला. ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम जागं झालं. तो पदार्थ म्हणजे सायक्लिक एएमपी. १९७१ चं नोबेल त्यासाठी. संप्रेरक आत शिरतच नाही, ते दारातूनच परत जातं, ही कल्पना तेव्हा नवी होती.

रिसेप्टर आणि सायक्लेज यांच्या मधला दुवा मार्टिन रॉडबेल यांना सापडला तो एका अशुद्धीमुळे. त्यांच्या प्रयोगात एटीपी घातलं की ग्लुकॅगॉन या संप्रेरकाची रिसेप्टरवरची पकड बदलायची. नंतर लक्षात आलं की विकतच्या एटीपीत जीटीपीची (एटीपीसारख्याच एका रेणूची) भेसळ आहे आणि खरं काम जीटीपी करतं आहे. त्यातूनच जी-प्रथिनं पुढे आली. रॉडबेल आणि ती प्रथिनं शुद्ध करणारे आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ चं नोबेल मिळालं. मानवात जी-प्रथिनांशी जोडलेले रिसेप्टर सुमारे ८०० आहेत, त्यांतले निम्म्याच्या आसपास वासाचे. अशुद्धी शोध लावून देते ती अशी क्वचित. बहुतेक वेळा ती निष्कर्ष बिघडवते, त्याबद्दल पुढे.

निरोप सुरू कसा होतो यावर सगळे बोलतात, पण संपतो कसा हे जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे. न संपणारा निरोप हा निरोपच राहत नाही. म्हणून प्रत्येक पायरीला एक ‘बंद’ ठेवलेला असतो. ॲसिटिलकोलीनला फटीतलं एस्टरेज तत्काळ तोडतं. रक्तातलं इन्सुलिन पाच-सहा मिनिटांत निम्मं होतं, थायरॉक्सिनला मात्र सुमारे आठवडा लागतो. जी-प्रथिन जीटीपी चिकटलेलं असेतोवर जागं असतं आणि स्वतःच त्याचं जीडीपी करून शांत होतं. सायक्लिक एएमपीला फॉस्फोडायएस्टरेज तोडतं. कायनेजने लावलेला फॉस्फेट फॉस्फेटेज काढतं. कॅल्शियम तर सतत बाहेर उपसलं जातं: पेशीबाहेर ते १ ते २ मिलिमोलर, आत जेमतेम १०० नॅनोमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक फरक. फॉस्फेटशी मिळून कॅल्शियमचा साका बनतो, म्हणून पेशीला ते कमी ठेवणं भागच होतं. त्या नाइलाजातूनच उत्तम संदेशवाहक मिळाला. जरासं आत आलं तरी लगेच लक्षात येतं. शिवाय रिसेप्टरही थकतो. सतत उत्तेजन मिळालं तर त्यावर जीआरके कायनेज फॉस्फेट लावतात, अरेस्टिन चिकटतं आणि रिसेप्टर आत ओढला जातो.

यातला एकच ‘बंद’ मोडला तर काय होतं ते पटकीत दिसतं. पटकीच्या जिवाणूचं विष पेशीबाहेर टाकलं जाणारं असतं हे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं. ते विष आतड्याच्या पेशीतल्या जीएस प्रथिनावर एडीपी-रायबोज चिकटवतं. जीएसची जीटीपी तोडण्याची क्षमता जाते. सायक्लेज चालूच राहतं, क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या राहतात आणि क्लोराइडपाठोपाठ सोडियम व पाणी आतड्यात वाहतं. ग्लुकोजसोबत सोडियम आत घेणारी वाहतूक मात्र शाबूत असते, म्हणूनच साखर-मिठाचं पाणी उपयोगी पडतं. अनेक कर्करोगांत रास प्रथिनाचं असंच होतं: १२ व्या जागेवरचा ग्लायसिन बदलला की जीटीपी तुटत नाही आणि ‘वाढा’ हा निरोप थांबत नाही.

निरोप किती वेळ टिकला यातही अर्थ असतो. उंदराच्या पीसी-१२ पेशींना ईजीएफ हा वाढीचा घटक दिला तर ईआरके कायनेज थोड्या वेळापुरतं जागं होतं आणि पेशी विभागतात. एनजीएफ हा दुसरा वाढीचा घटक दिला तर तेच ईआरके कित्येक तास जागं राहतं आणि पेशी विभागणं सोडून चेतापेशीसारखे तंतू काढतात. साखळी तीच, फक्त कालावधी वेगळा. एकाच क्षणी मोजणाऱ्याला, म्हणजे फक्त पाचव्या मिनिटाला नमुना घेणाऱ्याला, दोन्हीत काहीच फरक दिसणार नाही.

इथून दुसऱ्या भागाकडे: मोजायचं कसं. ईजीएफ आणि ईआरके ही जोडी सुरुवातीला उत्तम, कारण संकेत ठळक असतो आणि चुका लगेच उघड्या पडतात. जागं झालेलं, म्हणजे फॉस्फेट लागलेलं ईआरके वेस्टर्न ब्लॉटने बघायचं: पेशीतली प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून पडद्यावर उतरवायची आणि प्रतिपिंडाने हवं ते प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवायचं.

सहा खणांच्या प्लेटमध्ये पेशी ७० ते ८० टक्के भरल्या की सीरम काढून ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या सीरमविरहित माध्यमात १६ ते १८ तास ठेवा. सीरममध्येच वाढीचे घटक असतात, ते निघून गेल्याशिवाय शून्य खऱ्या अर्थाने शून्य होत नाही. प्रत्येक खणात १.८ मिलिलिटर माध्यम ठेवा आणि ईजीएफ दहापट तीव्रतेने त्याच माध्यमात बनवून, ३७ अंश सेल्सिअसला आणून, २०० मायक्रोलिटर हळूच घाला. सगळं माध्यम बदलू नका. माध्यम ओतल्याच्या धक्क्यानेच पेशी एटीपी बाहेर सोडतात, ते शेजारच्या पेशींच्या प्युरिन रिसेप्टरांवर बसतं, आणि ईजीएफ न घालताच कॅल्शियम व ईआरके वर जातं. म्हणून शून्याच्या खणातही नुसतं माध्यम तितकंच, त्याच हाताने घातलं पाहिजे. हे नियंत्रण बरेच जण टाळतात आणि मग ‘शून्यालाही पट्टा दिसतो’ म्हणून प्रतिपिंडाला दोष देतात.

ईजीएफचं वजन साधारण ६००० डाल्टन, म्हणजे मिलिलिटरला ६ नॅनोग्रॅम झालं की सुमारे १ नॅनोमोलर. मात्रा मिलिलिटरला ०.१ पासून १०० नॅनोग्रॅमपर्यंत, दर टप्प्याला सुमारे तिपटीने वाढवत न्या. मात्रा दुप्पट-दुप्पट करून पाच बिंदू घेणं म्हणजे मेहनत वाया घालवणं. साध्या बंधनात १० टक्के रिसेप्टर भरण्यापासून ९० टक्के भरण्यापर्यंत मात्रा ८१ पट वाढावी लागते. दुपटीच्या पाच बिंदूंत जेमतेम १६ पट अंतर कापलं जातं. आणखी एक: अर्धा परिणाम दिसणारी मात्रा म्हणजे अर्धे रिसेप्टर भरणारी मात्रा नव्हे. आतली साखळी निरोप मोठा करत जाते, म्हणून थोडेच रिसेप्टर भरले तरी पूर्ण परिणाम दिसू शकतो.

वेळा ०, २, ५, १०, ३० आणि ६० मिनिटं. सुरुवात साठ मिनिटांच्या खणापासून करा आणि उलट क्रमाने घालत या, म्हणजे सगळे खण एकाच वेळी थांबवता येतात. ईजीएफच्या रिसेप्टरवरचा फॉस्फेट दोन ते पाच मिनिटांत शिखर गाठतो, ईआरके पाच ते दहा मिनिटांत. पहिला नमुनाच अर्ध्या तासाला घेतला तर शिखर निसटतं.

थांबवण्याची पायरी सर्वांत नाजूक. माध्यम ओतून प्लेट लगेच बर्फावर, बर्फगार क्षारद्रावणाने एकदा धुवा, आणि प्रत्येक खणात १०० ते १५० मायक्रोलिटर लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण). त्यात फॉस्फेटेज रोखणारी द्रव्यं हवीतच: सोडियम फ्लोराइड ५० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर. व्हॅनाडेट पाण्यात विरघळवून तसंच वापरलं तर निम्मं काम होत नाही. पिवळा रंग दिसला म्हणजे रेणू दहा-दहाच्या झुंडीत अडकले आहेत आणि टायरोसिन फॉस्फेटेजवर त्यांचा धड परिणाम होणार नाही. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० ला आणा, रंग जाईपर्यंत उकळा, गार करून पीएच पुन्हा १० करा. रंग परत येईनासा होईपर्यंत हेच. आणि त्याच बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी भरपूर टाकू नका, दोन्ही व्हॅनाडेटला निकामी करतात. बफर तयार करताना या दोन गोष्टी सवयीने पडतात आणि मग फॉस्फोटायरोसिनचे पट्टे फिके का, याचा शोध आठवडाभर चालतो.

पुढे १०-१५ मिनिटं बर्फावर, ४ अंशाला १२,००० ते १४,००० जी वेगाने दहा मिनिटं फिरवणं, प्रथिन मोजणं, प्रत्येक रांगेत १५ ते २० मायक्रोग्रॅम. ब्लॉटचा पडदा झाकायला दुधाऐवजी ५ टक्के बीएसए घ्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटयुक्त आहे आणि काही फॉस्फो-प्रतिपिंडांच्या बाबतीत पार्श्वभूमी वाढवतं. फॉस्फो-ईआरकेचे पट्टे ४४ आणि ४२ किलोडाल्टनला दिसतील. त्यांची तुलना एकूण ईआरकेशी करायची, ॲक्टिनशी नाही. प्रश्न किती ईआरके जागं आहे हा आहे, किती प्रथिन भरलं हा नाही.

सगळं नीट करूनही शून्याला गडद पट्टा आला तर पेशींची ओळख तपासा. ए-३७५ सारख्या मेलॅनोमाच्या (त्वचेच्या कर्करोगाच्या) पेशींत ईआरकेच्या आधीच्या साखळीतलं बीआरएएफ प्रथिन बदललेलं असतं. तिथे ईआरके ईजीएफची वाटच बघत नाही. आणि ए-४३१ पेशींत ईजीएफचे रिसेप्टर इतके जास्त असतात की नॅनोमोलर मात्रेत हा ‘वाढीचा घटक’ त्यांची वाढ रोखतो. नावावर जाऊ नये, हेच खरं.

सायक्लिक एएमपी मोजताना अडचण वेगळी: तो तयार होता होता तोडला जातो. म्हणून आधी १०-१५ मिनिटं आयबीएमएक्स ०.५ मिलिमोलर घालून फॉस्फोडायएस्टरेज रोखा, मग संप्रेरक. १० मायक्रोमोलर फॉरस्कोलिन सायक्लेजला थेट चालना देतं, ते सकारात्मक नियंत्रण. शेवटी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात पेशी फोडल्या की एन्झाइमं तिथेच थांबतात. जीआय प्रकारचं प्रथिन सायक्लेजला आवरतं. त्याचा परिणाम बघायचा तर आधी फॉरस्कोलिनने पातळी वर न्यावी लागते, पण शिखरापर्यंत नाही. आधीच तळाला असलेलं आणखी खाली गेलेलं दिसत नाही आणि शिखराला टेकवलेलं खाली यायला तयार नसतं. जीआयचाच हात आहे याची खात्री जीआयला निकामी करणारं पर्टुसिस विष रात्रभर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम देऊन करता येते. परिणाम नाहीसा झाला तर संशय पक्का.

ॲड्रेनॅलिन स्वतः फार नाजूक आहे. उदासीन द्रावणात, उजेडात ते ऑक्सिडीकरण होऊन गुलाबी पडतं. द्रावण सौम्य आम्लात, थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल घालून, त्याच दिवशी बनवा. गुलाबी झालेलं फेकून द्या, ‘थोडंच झालंय’ म्हणून वापरू नका. पेप्टाइड संप्रेरकांचा त्रास वेगळा: नॅनोमोलर मात्रेत ती नळीच्या प्लास्टिकला चिकटतात आणि पेशीपर्यंत निम्मीसुद्धा पोचत नाहीत. ०.१ टक्का बीएसए त्यासाठीच.

कॅल्शियमसाठी फ्युरा-२ हा रंग अजूनही भरवशाचा; ३४० आणि ३८० नॅनोमीटरला उत्तेजन द्यायचं, ५१० ला मोजायचं, आणि दोन्हींचं गुणोत्तर घ्यायचं, म्हणजे रंग किती शिरला याचा फरक पडत नाही. २ ते ५ मायक्रोमोलर, अर्धा ते पाऊण तास, शक्यतो खोलीच्या तापमानाला. ३७ अंशाला रंग पेशीच्या आतल्या कप्प्यांत जाऊन बसतो आणि मग पेशीद्रवातलं कॅल्शियम मोजतोय की मायटोकॉन्ड्रियातलं हे सांगता येत नाही. धुतल्यावर आणखी वीस मिनिटं थांबा, रंग पेशीत शिरावा म्हणून त्याला जोडलेला एस्टर तुटायला तेवढा वेळ लागतो. कॅल्शियम आतल्या कोठारातून सुटलं की बाहेरून आलं, हे ठरवायला बाहेरचं कॅल्शियम काढून आणि उरलेलं बांधून ठेवणारं ईजीटीए घालून तोच प्रयोग पुन्हा करायचा. शिखर टिकलं तर कोठार, गेलं तर वाहिनी.

आता भेसळ. तीन जागा नेहमी तपासाव्यात. पहिली, ई. कोलायमध्ये बनवलेली प्रथिनं. त्यांत जिवाणूच्या भिंतीचं एलपीएस अंशमात्र राहिलं तरी मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) टीएलआर-४ रिसेप्टरमार्फत जोरदार प्रतिसाद देतात, आणि आपल्याला वाटतं नवं सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशींचा संदेशवाहक, सापडलं. प्रथिन अर्धा तास उकळून बघा: प्रथिनाचं काम थांबेल, एलपीएसचं थांबणार नाही. एलपीएसला निष्क्रिय करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून उलट बाजू तपासा. दुसरी, फिनॉल रेड. माध्यमाला लाल रंग देणाऱ्या या द्रव्यातली अशुद्धी इस्ट्रोजेनसारखी वागते. एमसीएफ-७ पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम बघायचा तर फिनॉल रेड नसलेलं माध्यम आणि कोळशाने स्टेरॉइड काढलेलं सीरमच हवं. तिसरी, विद्रावक. डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत आणि सगळ्या खणांत सारखं. मात्रेबरोबर डीएमएसओही वाढत असेल तर आलेख कशाचा काढला हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि काहीच प्रतिसाद आला नाही तर? मागून पुढे तपासत या. कायनेज-ए पर्यंतची साखळी फॉरस्कोलिनने, कॅल्शियमची मोजणी आयनोमायसिनने (ते कॅल्शियम थेट पेशीत सोडतं), ईआरकेचा मार्ग पीएमएने (ते रिसेप्टरला वगळून तो मार्ग जागा करतं). तिथे प्रतिसाद आला म्हणजे आतली यंत्रणा आणि मोजणी ठीक आहे, दोष वरच्या बाजूला आहे. मग संदेशवाहक ताजा आहे का हे दुसऱ्या, खात्रीच्या पेशींवर बघा. मग रिसेप्टर आहे का ते. वारंवार उपसंवर्धन केलेल्या, म्हणजे एका प्लेटमधून दुसरीत वाढवत नेलेल्या पेशी रिसेप्टर गमावतात, आणि त्याचा आरएनए सापडला म्हणजे तो पटलावर आहे असं होत नाही. हे सगळं जागेवर असूनही मोजमाप सपाट राहिलं, तर बहुधा आपण चुकीचं फळ शोधतोय: रिसेप्टर जीएसशी जोडला असेल असं धरून सायक्लिक एएमपी मोजतोय, आणि या पेशीत तो जीक्यूशी जोडलेला आहे. त्याच पेशींत, त्याच मात्रेला, कॅल्शियम मोजून बघा.